दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतातील अ‍ॅडम्स कॉलेज: शंभर वर्षे चाललेली मिशनची शाळा सरकारच्या हाती का गेली?

नगरची वाचक

नमस्कार. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांविषयी मी सध्या वाचत आहे. बोस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने १८१३ साली मुंबईत आणि १८३१ साली नगरला आपले ठाणे उघडले, ज्या बोर्डाच्या सिंथिया फॅरारबाईंची मुलींची शाळा जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन पाहिली होती, त्याच बोर्डाने १८३५ साली आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर झुलू लोकांमध्येही काम सुरू केले होते, हे मला या वाचनातूनच समजले. त्या मिशनने डर्बनच्या दक्षिणेला, अमानझिम्टोटीजवळच्या एका खेड्यात ‘अ‍ॅडम्स कॉलेज’ चालवले. नावात कॉलेज असले तरी ती मुख्यतः माध्यमिक शाळा होती आणि तिला जोडून शिक्षक तयार करण्याचे वर्ग होते.

माझे प्रश्न दोन आहेत. १८५३ साली स्थापन झालेली ही शाळा १९५६ च्या अखेरीस मिशनला दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला विकावी लागली. पण त्याच मिशनची इनांडा येथील मुलींची शाळा मात्र चर्चच्या हाती राहिली. एकाच संस्थेच्या दोन शाळांच्या वाट्याला असे वेगळे दैव का यावे? दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. अशा शाळेला परकीय सत्तेची मदतनीस म्हणायचे, की त्या सत्तेशी लढणारी माणसे घडवणारी संस्था म्हणायचे? माझी आजी मिशनच्या बोर्डिंगात शिकली, आणि हाच वाद आमच्या घरात तिच्या शाळेबद्दल अनेकदा झाला आहे. त्यामुळे केवळ माहितीपुरता हा प्रश्न मी विचारत नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुनी दप्तरे

ताई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर १९५३ च्या कायद्यात आहे, परंतु दुसऱ्याचे उत्तर शोधायला शाळेच्या जन्मापर्यंत जावे लागेल, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

न्यूटन अ‍ॅडम्स हे पेशाने डॉक्टर होते. ते, आल्डिन ग्राउट आणि जॉर्ज चॅम्पियन हे तिघे १८३५ च्या अखेरीस पोर्ट नाताळला, म्हणजे आजच्या डर्बनला, पोहोचले तेव्हा तेथून उत्तरेला झुलू राजा डिंगान याचे राज्य होते. झुलू आणि बोअर (डच वंशाचे गोरे वसाहतवाले) यांच्या लढायांमुळे पहिली काही वर्षे कामाचा पाया बसू शकला नाही. अ‍ॅडम्स यांनी प्रथम उमलाझी येथे आणि १८४७ पासून अमानझिम्टोटी येथे ठाणे केले, आणि १८५१ साली ते वारले. ज्या शाळेला पुढे त्यांचे नाव मिळाले ती त्यांनी पाहिलीच नाही. १८५३ साली त्यांच्या सहकाऱ्यांनी झुलू शिक्षक व धर्मोपदेशक तयार करण्यासाठी एक लहानसे विद्यालय काढले. ते लवकरच बंद पडले आणि १८६५ साली विल्यम आयर्लंड यांच्या देखरेखीखाली पुन्हा उघडले. इनांडाची मुलींची शाळा १८६९ ची. अमानझिम्टोटीहून शिकून निघणाऱ्या तरुणांना शिकलेल्या बायका मिळाव्यात, हा तिच्या स्थापनेमागचा एक उघड हेतू होता. हा हेतू आज संकुचित वाटतो, आणि तो संकुचित होताच; पण मेरी एडवर्ड्स या पहिल्या मुख्याध्यापिकेने ती शाळा आयुष्यभर ज्या निष्ठेने सांभाळली, त्यामुळे ती त्या हेतूच्या फार पुढे गेली.

अमानझिम्टोटीच्या शाळेत शिकलेल्यांपैकी पहिले मोठे नाव जॉन डुबे यांचे. इनांडाच्या पाद्र्याचा हा मुलगा अमानझिम्टोटीला शिकला, तेथून अमेरिकेत ओबर्लिनला गेला आणि परत येऊन त्याने ओहलांगे येथे आफ्रिकी माणसांच्या व्यवस्थापनाखाली चालणारी स्वतंत्र शाळा काढली. १९१२ साली जी संघटना स्थापन झाली आणि पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखली गेली, तिचे ते पहिले अध्यक्ष. गांधीजींचा फिनिक्स आश्रम ओहलांगेपासून जवळच होता, आणि १९१२ च्या नोव्हेंबरमध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर असताना गांधीजी त्यांना डुबे यांची ही शाळा पाहायला घेऊन गेले होते. फर्ग्युसन महाविद्यालयात कित्येक वर्षे शिकवलेल्या माणसाने झुलू मुलांच्या शाळेला दिलेली ही भेट आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षात नाही, याची मला खंत वाटते.

अ‍ॅडम्सचा खरा बहराचा काळ मात्र १९२० ते १९५० हा. पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष झालेले अल्बर्ट लुथुली येथे शिष्यवृत्तीवर वरच्या दर्जाच्या शिक्षकाचे प्रशिक्षण घेण्यासाठी आले. ते पूर्ण झाल्यावर त्यांना फोर्ट हेअर या आफ्रिकी विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयात पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊ केली गेली, ती त्यांनी नाकारली आणि महिना १० पौंड पगारावर अ‍ॅडम्समध्येच शिक्षकी पत्करली. कारण साधे होते. वडील लहानपणीच गेलेले, आणि आईने भाजीपाला विकून व लोकांचे कपडे धुऊन मुलाला शिकवलेले. आता तिला विसावा मिळाला पाहिजे, असे त्यांना वाटले. पुढे १९३५ पर्यंत ते तेथे होते. ते झुलू भाषा व संगीत शिकवीत, गायनवृंद बसवीत आणि शिक्षक संघटनेचे काम पाहत. १९२५ साली झेड. के. मॅथ्यूज हे फोर्ट हेअरचे पहिले आफ्रिकी पदवीधर अ‍ॅडम्सच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. गोऱ्या मिशनऱ्यांच्या संस्थेत हायस्कूलच्या मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर काळा माणूस बसणे त्या देशात त्या काळी किती मोठी गोष्ट होती, हे वेगळे सांगायला नको.

१९३४ पासून एडगर ब्रूक्स प्राचार्य झाले. हे गृहस्थ तरुणपणी वंशविभाजनाच्या धोरणाचे समर्थक होते आणि अभ्यासाअंती, अनुभवाअंती त्यांनी आपले मत जाहीरपणे बदलले. त्यांच्या काळात रूबेन कालुझा या झुलू संगीतकाराच्या हाताखाली संगीताचे स्वतंत्र विद्यालय अ‍ॅडम्समध्ये सुरू झाले. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या युवक संघाचे पहिले अध्यक्ष अँटन लेम्बेडे, झिम्बाब्वेचे जोशुआ न्कोमो, झुलू नेते मांगोसुथु बुथेलेझी हे सर्व येथेच शिकले. या तिघांचे राजकारण एकमेकांशी जुळणारे नव्हते. मला यात शाळेचे मोठेपण दिसते, कारण तिने एका साच्याची माणसे काढली नाहीत.

निवृत्त मुख्याध्यापक

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. माझी सगळी नोकरी अनुदानित शाळेत गेली, त्यामुळे ‘शाळा का विकावी लागली’ या प्रश्नाची पैशाची बाजू मी मांडतो. माझ्या मते सर्वाधिक महत्त्वाची बाजू तीच आहे.

आपल्याकडे १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी व मिशनच्या शाळांना सरकारी अनुदानाची वाट मोकळी करून दिली. नाताळमध्येही त्याच दशकात तसेच घडले. १८५६ च्या सनदेत तेथील वसाहतीच्या उत्पन्नातून दरवर्षी ५ हजार पौंड आफ्रिकी लोकांच्या कामांसाठी राखून ठेवले होते, आणि त्यातला काही भाग मिशनच्या शाळांकडे जाऊ लागला. अनुदान आले की तपासणी येते, तपासणीबरोबर अभ्यासक्रम येतो, आणि पगार एकदा सरकारी तिजोरीतून होऊ लागले की संस्थेला ते स्वतःच्या गंगाजळीतून करण्याची ताकद हळूहळू राहत नाही. इमारत, जमीन, वसतिगृह आणि प्राचार्यांची नेमणूक मिशनची, पण शिक्षकांच्या पगाराची रक्कम सरकारची, अशी ही व्यवस्था होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकी मुलांच्या बहुसंख्य शाळा याच पद्धतीने चालत होत्या. आपल्याकडचा कोणताही संस्थाचालक हे वर्णन वाचून लगेच ओळखेल.

१९४८ साली वंशविभाजनाचे धोरण घेऊन गोऱ्यांची नॅशनल पार्टी सत्तेवर आली. पाठोपाठ आफ्रिकी लोकांच्या शिक्षणाविषयी आयसेलेन आयोग नेमला गेला आणि १९५३ साली बांटू (म्हणजे आफ्रिकी) शिक्षण कायदा झाला. या कायद्याने आफ्रिकी मुलांचे शिक्षण प्रांतिक सरकारांकडून काढून केंद्राच्या ‘नेटिव्ह’ कारभार खात्याकडे दिले, आणि त्या खात्याचे मंत्री होते हेंड्रिक फेरवूर्ट. काही ठरावीक प्रकारच्या श्रमांच्या वर आफ्रिकी माणसाला गोऱ्यांच्या समाजात जागा नाही, तेव्हा त्याला त्यापलीकडचे शिक्षण देण्यात अर्थ नाही, हे त्यांनी संसदेत उघडपणे मांडले. मिशनांपुढे पर्याय ठेवला गेला तो असा: शाळा सरकारला भाड्याने द्या किंवा विका, नाहीतर स्वतःच्या पैशाने चालवा, तुमचे अनुदान दरवर्षी कमी करत आम्ही शेवटी बंद करू. शिक्षक-प्रशिक्षणाबाबत तर तोही पर्याय नव्हता, ते पूर्णपणे सरकारकडे जायचे होते. शिवाय खासगी शाळेलाही सरकारी नोंदणी सक्तीची होती. पैसे उभे केले तरी परवानगी मंत्र्याच्याच हाती, आणि अ‍ॅडम्सचे दार बंद झाले ते या शेवटच्या अटीमुळे.

अ‍ॅडम्सच्या संचालक मंडळाने शिक्षक-प्रशिक्षणावर पाणी सोडून हायस्कूल खासगी शाळा म्हणून विनाअनुदान चालवण्याची तयारी दाखवली होती. नोंदणी नाकारली गेली. त्यानंतर विकण्यावाचून दुसरा मार्ग उरला नाही. सरकारने शाळा ताब्यात घेतल्यावर नावातून अ‍ॅडम्स हा शब्दही काढून टाकला आणि तिला झुलू प्रशिक्षण शाळा केले.

आता इनांडाचे. ती लहान होती, फक्त मुलींची होती, आणि शिवण, स्वयंपाक, परिचर्या अशा विषयांमुळे तिची ख्याती निरुपद्रवी होती. लॅव्हिनिया स्कॉट या तेव्हाच्या प्राचार्यांनी चिकाटीने पाठपुरावा केला आणि शाळेला खासगी म्हणून चालण्याची परवानगी मिळाली. अनुदान मात्र गेले. अ‍ॅडम्सचे माजी शिक्षक लुथुली तोवर आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष झाले होते, सरकारने १९५२ सालीच त्यांचे गावप्रमुखपद काढून घेतले होते, आणि माजी मुख्याध्यापक मॅथ्यूज यांच्या सूचनेतून ‘स्वातंत्र्याची सनद’ हा समान हक्कांचा जाहीरनामा तयार करणारी जनपरिषद १९५५ साली भरली होती. डिसेंबर १९५६ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यासाठी १५६ जणांना अटक झाली, त्यात हे दोघेही होते. अ‍ॅडम्सचे मिशनच्या ताब्यातले शेवटचे सत्र संपले तेही नेमके त्याच सुमारास. मुलींच्या शाळेतून कोणते नेतृत्व उभे राहणार, अशी सत्ताधाऱ्यांची समजूत असावी. त्या समजुतीने इनांडा वाचली, असे माझे मत आहे.

आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे आणि अनुदान देताना अशा संस्थांमध्ये भेदभाव करण्यास राज्याला मनाई केली आहे. त्यामुळे ‘अनुदान घ्या आणि शाळा आमच्या हवाली करा’ असे आपल्याकडे सरळ म्हणता येत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या चर्चकडे असे कोणतेही संरक्षण नव्हते.

रानवाट

दोन्ही प्रतिसाद आदराने वाचले, पण त्यांत एक बाजू राहून गेली आहे असे मला वाटते. ताईंचा दुसरा प्रश्न खरोखर अवघड आहे, आणि नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी दिल्याने तो सुटत नाही.

या मिशनने १८७९ साली ‘उमसुंडुझे नियम’ म्हणून ओळखले जाणारे नियम केले. त्यांनुसार चर्चच्या सभासदांना बहुपत्नीत्व, लग्नात वधूच्या घरी गुरे देण्याची प्रथा आणि बिअर पिणे या गोष्टी वर्ज्य ठरल्या. गुरे देण्याची प्रथा म्हणजे झुलू समाजात दोन घरांमधले नाते बांधणारा व्यवहार. त्याला बाईची खरेदी समजून बंदी घालणे हा मोठा गैरसमज होता आणि त्यामुळे कित्येक कुटुंबे आतून दुभंगली. धर्मांतरित झुलू, ज्यांना तेथे ‘खोल्वा’ म्हणत, ते आपल्या नातलगांपासून तुटले आणि गोऱ्या समाजाने तर त्यांना कधीच बरोबरीचे मानले नाही. चर्चचा कारभारही बराच काळ मिशनऱ्यांच्याच हाती होता. त्याला कंटाळून १८९० च्या दशकात काही झुलू पाद्री व मंडळ्या बाहेर पडल्या आणि त्यांनी स्वतःचे झुलू काँग्रिगेशनल चर्च काढले. डुबे यांनी अमानझिम्टोटीतच शिक्षक न होता वेगळी शाळा का काढली, याचे उत्तरही मला या असंतोषात दिसते.

जमिनीचाही प्रश्न होता. मिशनच्या ठाण्यांभोवती वसाहत सरकारने ‘मिशन राखीव’ म्हणून मोठ्या जमिनी ठेवल्या होत्या. खोल्वा कुटुंबे तिथे घरे बांधत, मका आणि ऊस लावत, पण मालकी हक्काचा कागद बहुतेकांच्या हाती कधी आला नाही, आणि १९०३ च्या कायद्याने या जमिनींचा ताबा सरकारकडे गेल्यावर त्यांच्यावर खंड लादला गेला. शाळेचे चित्र काढताना तिच्या कुंपणाबाहेरच्या या लोकांना वगळले, तर ते चित्र अपुरे राहील.

जुनी दप्तरे

रानवाट, आपला मुद्दा रास्त आहे, आणि नियमांविषयी आपण लिहिले ते मी माझ्या प्रतिसादातच घ्यायला हवे होते. फक्त एक जोडतो. मिशनच्या शाळांनी ‘काळे इंग्रज’ तयार केले, हा आक्षेप लुथुली यांनी स्वतः ऐकला होता आणि तो त्यांनी मान्य केला नाही. दोन संस्कृती समोरासमोर आल्या, त्यांचा एकमेकींवर परिणाम झाला, आणि त्यातून आपले झुलूपण कमी झाले नाही, अशी त्यांची भूमिका होती. ती नुसती बोलण्यापुरती नव्हती. अ‍ॅडम्समध्ये असतानाच, १९३५ साली, झुलू भाषा व संस्कृती मंडळाच्या स्थापनेत त्यांनी पुढाकार घेतला. १९३८ साली ते मद्रासजवळच्या तांबरम येथे भरलेल्या जागतिक मिशनरी परिषदेला आले होते, म्हणजे भारतातील चर्च त्यांनी प्रत्यक्ष पाहिले होते. त्यामुळे ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर मी असे म्हणेन की, संस्था म्हणून मिशन सत्तेच्या चौकटीत राहून चालले आणि तिच्याकडून जमीन व पैसा घेत राहिले, हे खरे; पण वर्गात जे शिकवले जाई त्यावर त्या चौकटीचा ताबा राहिला नाही. फेरवूर्ट यांना हे अनेक मिशनऱ्यांच्या आधी उमगले होते. ती शाळा निरुपद्रवी असती तर त्यांनी तिला हातही लावला नसता.

नगरची वाचक

सर्वांची मनापासून आभारी आहे. आजीच्या शाळेकडेही आता मी कुंपणाच्या आतून आणि बाहेरून, असे दोन्हीकडून पाहीन. आणखी दोनच गोष्टी विचारते. अ‍ॅडम्सचे शेवटचे प्राचार्य जॅक ग्रँट म्हणजे वेस्ट इंडिजचे कर्णधार होते तेच का? आणि इतर चर्चनी या कायद्याला कसे तोंड दिले?

निवृत्त मुख्याध्यापक

होय, तेच. त्रिनिदादमध्ये जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले जॅक ग्रँट १९३० ते १९३५ या काळात वेस्ट इंडिजचे कर्णधार होते. १९३४-३५ साली इंग्लंडविरुद्धची मालिका वेस्ट इंडिजने २-१ अशी जिंकली, तो त्या संघाचा पहिला मालिकाविजय. किंग्स्टनच्या कसोटीत जॉर्ज हेडलीने नाबाद २७० धावा केल्या त्याच मालिकेत. त्या संघाचे नेतृत्व तेव्हा गोऱ्या खेळाडूकडेच दिले जाई, हेडलीसारख्याला ते बराच काळ मिळाले नाही, हेही येथे नोंदवायला हवे. ग्रँट पुढे शिक्षणखात्यात आणि नंतर मिशनच्या कामात शिरले, १९४९ साली अ‍ॅडम्सचे प्राचार्य झाले आणि शाळा मिशनकडे ठेवण्याची खटपट त्यांनी शेवटपर्यंत केली. ती फसल्यावर ते ऱ्होडेशियात (आजच्या झिम्बाब्वेत) गेले आणि तेथील राजकीय कैद्यांच्या कुटुंबांना मदत पोहोचवण्याच्या कामात राहिले.

इतर चर्चचे म्हणाल तर एकमत झाले नाही. जोहान्सबर्गचे अँग्लिकन बिशप अँब्रोझ रीव्ह्ज यांनी शाळा सरकारला चालवायला देण्यापेक्षा त्या बंद करणे पसंत केले. कॅथलिक बिशपांनी देणग्या गोळा केल्या आणि आपल्या बऱ्याच शाळा अनुदानाशिवाय चालू ठेवल्या. मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियनांनी, मुले रस्त्यावर येऊ नयेत म्हणून, नाराजी नोंदवून शाळा हस्तांतरित केल्या. लव्हडेलसारखी १८४१ पासूनची नामांकित संस्थाही त्यात गेली. बाहेरून पाहताना बिशप रीव्ह्ज यांचा निर्णय अधिक बाणेदार वाटतो, पण शाळा बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्या मुलांनी जायचे कुठे, हा प्रश्न मुख्याध्यापक म्हणून मला सोडत नाही, आणि म्हणून ज्यांनी शाळा हवाली केल्या त्यांना भित्रे म्हणायला माझी जीभ वळत नाही.

इनांडा सेमिनरी आजही मुलींची शाळा म्हणून चालू आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस ती आर्थिक अडचणीने बंद पडण्याच्या बेताला आली, तेव्हा माजी विद्यार्थिनींनी पुढे येऊन ती सावरली. अ‍ॅडम्सला लोकशाही आल्यानंतरच्या काळात जुने नाव परत मिळाले असून ती आता सरकारी माध्यमिक शाळा आहे.